६४० केबीतला संसार

काळ्या पडद्यावर चार ओळींची यादी उमटते आणि यंत्र वाट पाहत थांबते. पहिली ओळ जास्तीत जास्त मेमरी मोकळी ठेवण्याची, दुसरी 'एक्स्पांडेड' मेमरीची, तिसरी बेताच्या ड्रायव्हरांची, चौथी एकाही ड्रायव्हरविना. आपण काही दाबले नाही तर ते आपल्या मनाने पुढे जाते. आमच्या कार्यालयात अडगळीत पडलेल्या, बॅटरी केव्हाच मेलेल्या एका लॅपटॉपवर गेल्या महिन्यात आम्ही फ्रीडॉस ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम बसवली, तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या तरुण सहकाऱ्याचा पहिला प्रश्न होता, "सर, माउस कुठे गेला?"

त्यावर 'डूम' चालवून पाहायचा होता. आयडी सॉफ्टवेअरने १० डिसेंबर १९९३ रोजी हा गेम बाहेर काढला, तेव्हा त्याच्या तीन भागांपैकी पहिला फुकट वाटायला मोकळा ठेवला होता. आम्ही तोच घेतला, म्हणजे चोरीचा प्रश्न नको. आज्ञा टाइप करून एंटर दाबला. डॉस फोर जीडब्ल्यूची कॉपीराइटची ओळ झळकली, तिच्याखाली टिंबांची रांग सरकत गेली, आणि पाहता पाहता पिस्तूल धरलेला हात समोर आला. वेग अगदी बरोबर होता. चित्र थोडे आडवे ताणलेले दिसत होते, कारण त्याचे ३२० बाय २०० ठिपके रुंद पडद्यावर पसरले होते. आवाज मात्र जवळजवळ नव्हता. गोळी झाडली की लॅपटॉपच्या पोटातून एक केविलवाणे 'टुक' यायचे, एवढेच.

ज्या कंपनीच्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी हा प्रोग्रॅम लिहिला गेला, तिची एकही ओळ या लॅपटॉपवर नाही. तरी तो चालला, पण गाता येईना. जुने गेम आज का चालतात आणि कुठे अडतात, याचे उत्तर या दोन निरीक्षणांतच आहे. आणि जे आपण सहसा गृहीत धरतो, की जुनी ऑपरेटिंग सिस्टिम गेली म्हणून जुने गेम गेले, ते यामुळे बऱ्याच अंशी खोटे ठरते.

महाराष्ट्रात ज्यांनी नव्वदच्या दशकात शाळेच्या किंवा क्लासच्या लॅबमध्ये चपला बाहेर काढून पाऊल ठेवले, त्यांना या गेमची ओळख वेगळी करून द्यायला नको. सर बाहेर गेले की कुणाच्या तरी दप्तरातून फ्लॉपी निघायची. जॉन रोमेरोचा 'डेंजरस डेव्ह' तर आपल्याकडे इतका खेळला गेला की चषक हाती आल्याशिवाय दार उघडत नाही, हा नियम एका पिढीच्या हाडीमाशी खिळला आहे. 'प्रिन्स ऑफ पर्शिया'तला राजपुत्र खड्ड्याच्या काठाला लटकायचा तेव्हा बघणाऱ्यांचेही श्वास अडकायचे. गेमचे निर्माते जॉर्डन मेकनर यांनी आपल्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचे चित्रीकरण केले आणि त्यावरून एकेक चौकट गिरवली. त्या हालचालींतला जिवंतपणा तिथला आहे. हे सगळे गेम मायक्रोसॉफ्टच्या एमएस-डॉसवर चालायचे. त्या काळी ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय हे कुणी शिकवत नव्हते. 'सी'च्या पुढे कोलन, उलटी तिरकी रेघ आणि लुकलुकणारी खूण, एवढाच तिचा परिचय.

१९९४ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टने डॉसचे दिवस भरल्याचे सूचित करायला सुरुवात केली. पुढे सारे काही विंडोजच. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या रिव्हर फॉल्स शाखेत भौतिकशास्त्र शिकणाऱ्या जिम हॉल या विद्यार्थ्याला ते पटले नाही. त्याची कामे डॉसवर होत होती आणि तेव्हाची विंडोज त्याला आवडत नव्हती. लिनक्स लोकांनी मिळून उभे केले, मग डॉस का नाही, असे म्हणत त्याने २९ जून १९९४ रोजी मूळ डॉसशी सुसंगत असे मोफत डॉस, म्हणजेच पुढचे फ्रीडॉस, लिहिण्याचा संकल्प जाहीर केला. काही आठवड्यांतच माणसे जमली. पॅट व्हिलानी यांनी सी भाषेत लिहून ठेवलेला आपला कर्नेल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, प्रकल्पाला दिला. टिम नॉर्मन यांनी आज्ञा वाचणारा प्रोग्रॅम लिहिला. पहिली पूर्ण आवृत्ती, १.०, मात्र सप्टेंबर २००६ मध्ये आली. बारा वर्षे! तोवर डॉस वापरणारे जग विरून गेले होते. तरी काम थांबले नाही: २०१२, २०१६ च्या नाताळात, २०२२ आणि २०२५ अशा पुढच्या आवृत्त्या आल्या. बाजारात ज्याला मागणी नाही असे काही तीस वर्षे नेटाने घडवत राहणे, याला व्यापाराच्या भाषेत शब्द नाही. आपल्याकडे हौस म्हणतात, पण हौशीत इतकी शिस्त नसते.

आता 'सुसंगत' म्हणजे काय ते पाहू. डॉसचे काम टपाल कार्यालयातल्या एका खिडकीसारखे होते. प्रोग्रॅमला फाइल उघडायची असो, की दाबलेली कळ कोणती ते विचारायचे असो, तो ठरलेल्या जागी कामाचा क्रमांक ठेवायचा आणि 'इंट २१ एच' नावाची घंटा वाजवायचा. आत कोण बसले आहे, ते काम कसे करते, याच्याशी प्रोग्रॅमला देणेघेणे नव्हते. ३डी क्रमांक म्हणजे फाइल उघड, ३एफ म्हणजे वाच, ४० म्हणजे लिही. खिडकीतला माणूस बदलला तरी याच क्रमांकांना तीच उत्तरे मिळाली की झाले. फ्रीडॉसने हे केले. खिडकी तीच, क्रमांक तेच, आतला माणूस नवा; आणि तो कसे काम करतो याची वही सर्वांसाठी उघडी.

कागदावर सोपे वाटते. प्रत्यक्षात प्रोग्रॅम लिहिणारे खिडकीपाशी शिस्तीत उभे राहिलेच नाहीत. काहींनी मागच्या दाराने आत डोकावून डॉसच्या खासगी याद्या वाचल्या, कारण ते वेगवान होते. मायक्रोसॉफ्टने जे नियम छापलेच नव्हते त्यांवर जाडजूड पुस्तके निघाली, आणि ती वाचून आणखी प्रोग्रॅम त्या न छापलेल्या नियमांवर विसंबले. सुसंगत डॉस लिहिणाऱ्याला त्यामुळे जाहीर नियमांइतकेच हे गुपचूप रिवाज पाळावे लागतात, मूळच्या चुकांसकट. एका चुकीवर कुणाचा गेम उभा असेल तर ती चूक दुरुस्त करणे हीच चूक ठरते.

या आतल्या रिवाजांचा गैरवापरही झाला. विंडोज ३.१ च्या चाचणी आवृत्तीत 'आर्ड' या नावाने ओळखला गेलेला एक तुकडा होता. तो डॉसच्या आतल्या रचना तपासून खाली दुसऱ्या कंपनीचे डॉस आहे का ते हुडकायचा आणि असल्यास त्रुटीचा गूढ संदेश दाखवायचा. विक्रीच्या आवृत्तीत तो निष्क्रिय केला होता, पण काढला नव्हता. अँड्र्यू शुलमन यांनी १९९३ मध्ये तो उलगडून दाखवला. एवढेच सांगून मायक्रोसॉफ्टला खलनायक ठरवणे मात्र अन्यायाचे होईल, कारण त्याच कंपनीत याच्या अगदी उलट वागणारे लोकही होते. 'सिमसिटी' हा शहर वसवण्याचा गेम परत केलेली मेमरी पुन्हा वाचत असे. जुन्या व्यवस्थेत परत केलेल्या जागेला कुणी लगेच हात लावत नसे, म्हणून खपून जायचे. विंडोज ९५ वर तो कोसळू लागला. तेव्हा विंडोज लिहिणाऱ्यांनी आपल्या ऑपरेटिंग सिस्टिममध्येच 'समोर सिमसिटी आहे का' अशी तपासणी घातली आणि असेल तर मेमरी लगेच मोकळी न करण्याची सवलत दिली. हा किस्सा मायक्रोसॉफ्टमध्ये काम केलेल्या जोएल स्पोल्स्की यांनी लिहून ठेवला आहे. भाडेकरू घर सोडून गेल्यावरही रात्री झोपायला येतो, म्हणून घरमालकाने ती खोली रिकामी ठेवावी, असला हा प्रकार. गिऱ्हाईक गेमला दोष देत नाही, नव्या विंडोजला देते, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

कंपनीच्या या सवलतींना मुदत असते. ६४ बिटांच्या विंडोजने डॉसचे आणि १६ बिटांचे प्रोग्रॅम चालवणे सोडून दिले, त्यालाही आता बराच काळ लोटला. यात बेकायदा किंवा अनैतिक काही नाही. पण शब्द पाळायचा की नाही हे एकाच कंपनीच्या हाती असले की तो कधी संपेल तेही तीच ठरवते.

मेमरीचा भाग थोडा विस्ताराने सांगायला हवा, कारण सुरुवातीची ती चार ओळींची यादी त्यातूनच आली आहे आणि फ्रीडॉसवर गेम लावणाऱ्याचा निम्मा वेळ तिथेच जातो. १९८१ च्या आयबीएम पीसीतला ८०८८ प्रोसेसर एकूण १ एमबी, म्हणजे १०२४ केबीपर्यंतचेच पत्ते मोजू शकत होता. त्यातले वरचे ३८४ केबी पडदा आणि यंत्राच्या अंगच्या प्रोग्रॅमांसाठी राखून ठेवले गेले, उरले ६४०. त्या काळी ही जागा प्रशस्त होती. मग यंत्रे मोठी झाली, मेमरी चार, आठ, सोळा एमबी झाली, तरी डॉसचा संसार त्याच ६४० केबीच्या खोलीत. डॉस स्वतः, माउसचा ड्रायव्हर, सीडीचा ड्रायव्हर, सगळ्यांनी तिथेच पथाऱ्या पसरायच्या आणि उरलेल्या जागेत गेमने मावायचे. पाच केबी कमी पडले म्हणून गेम उघडला नाही, असे तेव्हा रोज व्हायचे.

बाहेरची मेमरी वापरायच्या दोन तऱ्हा निघाल्या. एक 'एक्स्पांडेड': दूरच्या गोदामातला माल एका ठरावीक फळीवर आणून मांडायचा, तो उचलून दुसरा मांडायचा. दुसरी 'एक्स्टेंडेड': गोदामातच जाऊन काम करायचे, पण त्यासाठी २८६ किंवा ३८६ सारखा प्रोसेसर आणि वेगळी वाट हवी. कोणत्या गेमला यातले काय चालेल याचा काही नेम नाही. टेक्सासमधल्या ओरिजिन सिस्टिम्स या एकाच कंपनीचे दोन गेम घ्या. १९९० च्या 'विंग कमांडर'ला एक्स्पांडेड मेमरी मिळाली तर तो यानाच्या कक्षातली जास्तीची चित्रे दाखवतो. नाही मिळाली तर मुकाट्याने गाळतो. १९९२ चा 'अल्टिमा ७' मात्र 'वूडू' नावाचा स्वतःचाच मेमरी-कारभारी घेऊन येतो आणि एक्स्पांडेड मेमरी देणारा कारभारी आधीच बसलेला दिसला की चालायलाच नकार देतो. एका म्यानात दोन तलवारी! म्हणून फ्रीडॉस सुरू होतानाच विचारते: कुणाला बसवू? 'डूम'सारखे नंतरचे गेम या भांडणातून सुटले, कारण त्यांच्याबरोबर आलेला डॉस फोर जीडब्ल्यू हा मध्यस्थ प्रोसेसरला थेट ३२ बिटांच्या वाटेवर घेऊन जातो आणि फाइल वाचण्यापुरता डॉसच्या खिडकीकडे परततो.

ही व्यवस्था लिहिलेली असते दोन छोट्या फाइलींत. मूळ डॉसमध्ये त्यांची नावे कॉन्फिग डॉट सिस आणि ऑटोएक्झेक डॉट बॅट. फ्रीडॉसमध्ये त्यांच्यापुढे 'एफडी' लागून एफडीकॉन्फिग आणि एफडीऑटो. कोणता ड्रायव्हर आधी, कोणता नंतर, कोणता ६४० च्या वरच्या पोटमाळ्यावर, हे सगळे तिथे. नव्वदच्या दशकात गल्लीत एखादा दादा असायचा ज्याला या फाइलींतल्या ओळींचा क्रम बदलून दहा केबी सोडवता यायचे. त्याचा मान मोठा होता. फ्रीडॉसने त्याची बरीच मेहनत वाचवली आहे. आमच्या लॅपटॉपवर फारसे काही न करता खालच्या ६४० पैकी सहाशेवर केबी मोकळे मिळाले.

म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा प्रश्न जवळजवळ सुटलेला आहे. अडते ते तिच्या खाली.

डॉसवरचे गेम फाइल उघडण्यापुरते डॉसला विचारायचे, बाकी सगळा व्यवहार थेट यंत्राशी. पडद्यावर ठिपका हवा, तर पडद्याच्या मेमरीत आकडा लिहायचा. आवाज हवा, तर साउंड ब्लास्टर कार्डाच्या दारावर, म्हणजे २२० क्रमांकाच्या पोर्टवर, थेट हुकूम सोडायचे. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचे हे कार्ड १९८९ मध्ये आले आणि गेमच्या जगात त्याचा पत्ता हाच आवाजाचा पत्ता होऊन बसला. 'डूम'चा सेटअप प्रोग्रॅम आजही विचारतो: पोर्ट कोणता, इंटरप्ट कोणता, डीएमए कोणता? आमच्या लॅपटॉपमध्ये आवाजाची चिप आहे, चांगली आहे, पण ती २२० वर राहतच नाही. दारावर थाप पडते, आत कुणी नाही. फ्रीडॉसच काय, खुद्द एमएस-डॉस बसवले असते तरी हेच झाले असते.

वेगाचेही तसेच. काही गेम यंत्राच्या घड्याळाला बांधलेले होते. 'डूम' सेकंदाला ३५ ठोक्यांवर चालतो, मग प्रोसेसर कितीही वेगवान असो. 'विंग कमांडर' मात्र यंत्र जितके पळेल तितका पळतो, आणि आजच्या यंत्रावर शत्रू दिसायच्या आत लढाई आटोपते. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेल्या प्रोग्रॅमांची गोष्ट याहून मजेची. त्या भाषेतला एक भाग सुरू होताना यंत्राचा वेग मोजायचा: घड्याळाच्या एका टिकटिकीत, म्हणजे सुमारे ५५ मिलिसेकंदांत, किती फेऱ्या झाल्या ते मोजा आणि ५५ ने भागा. उत्तर १६ बिटांत, म्हणजे ६५,५३५ पर्यंत मावेल हे गृहीत. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात २०० मेगाहर्ट्झच्या आसपासचे प्रोसेसर आले आणि उत्तर मावेना. प्रोसेसर ही भागाकाराची चूक म्हणून कळवतो, आणि पडद्यावर संदेश येतो 'शून्याने भागाकार'. शून्य कुठेच नव्हते. यंत्र अपेक्षेपेक्षा हुशार निघाले एवढाच गुन्हा. यावर दुरुस्तीचे छोटे प्रोग्रॅम निघाले, यंत्राला मुद्दाम रेंगाळायला लावणारेही निघाले. पूर्वी संगणकाच्या तोंडावर 'टर्बो' नावाचे बटण असायचे. त्याचा खरा उपयोग वेग कमी करण्यासाठी होता, हे आज सांगितले तर पटत नाही.

तिसरी अडचण सर्वांत गंभीर. डॉस सुरू व्हायला जुन्या पद्धतीचे बायॉस लागते. नवी यंत्रे यूईएफआय या पद्धतीने सुरू होतात आणि बायॉसची नक्कल करणारा त्यातला थर उत्पादकांनी गेल्या काही वर्षांत काढून टाकत आणला आहे. अशा यंत्रावर फ्रीडॉस थेट चालत नाही. आपल्याकडे याला एक विनोदी किनार आहे. लॅपटॉपच्या दुकानात आणि ऑनलाइन विक्रीत 'ऑपरेटिंग सिस्टिम: डॉस' असे लिहिलेले स्वस्त मॉडेल अनेकांनी पाहिले असेल. विंडोजच्या परवान्याचे पैसे वाचवून, तरी यंत्र 'रिकामे' विकले असे होऊ नये म्हणून उत्पादक त्यात फ्रीडॉस टाकतात. गिऱ्हाईक घरी नेते आणि पहिल्याच दिवशी ते पुसून विंडोजची, बहुधा बिनपरवान्याची, प्रत चढवते. कित्येक भारतीयांनी फ्रीडॉस विकत घेतले आणि एकदाही पाहिले नाही. एका मोठ्या कंपनीच्या अलीकडच्या लॅपटॉपमध्ये तर असे आढळले की यूईएफआयवर डॉस चालेना म्हणून तिने आत लिनक्स बसवले, त्यात आभासी यंत्र, आणि त्या आभासी यंत्रात फ्रीडॉस. पाटीवरचा शब्द खरा करण्यासाठी केलेली ही कसरत पाहून हसावे की दाद द्यावी कळत नाही.

इथे एक रास्त आक्षेप येतो. एवढा उपद्व्याप कशाला? २००२ पासून 'डॉसबॉक्स' आहे. ते ऑपरेटिंग सिस्टिमबरोबर प्रोसेसर, पडदा, साउंड ब्लास्टर, सगळ्याचीच नक्कल उभी करते. वेग हवा तितका कमी करता येतो. जुने गेम कायदेशीर विकणारी गॉग ही पोलंडमधून सुरू झालेली सेवा डॉसचे गेम बहुतेक डॉसबॉक्स गुंडाळूनच देते. इंटरनेट आर्काइव्हने २०१५ च्या जानेवारीत दोन हजारांहून अधिक डॉस गेम थेट ब्राउझरमध्ये खेळायला ठेवले, तेही याच मार्गाने. ज्याला रविवारी दुपारी तासभर 'प्रिन्स' खेळायचा आहे त्याने डॉसबॉक्सच घ्यावे. फ्रीडॉसच्या वाटेला जाऊ नये. हे आम्ही फ्रीडॉसविषयी आदर राखूनच म्हणतो.

पण दोघांचे काम एक नाही. डॉसबॉक्स गेमपुरते डॉस स्वतःच्या पोटात वागवते. गेमला जेवढे लागते तेवढे नीट, बाकीचे गरजेपुरते. फ्रीडॉस पूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम आहे आणि खऱ्या लोखंडावर उभी राहते. कारखान्यात वीस वर्षांपूर्वीचे एखादे कापयंत्र अजून डॉसवर चालते, तिथे नक्कल चालत नाही. जुन्या यंत्रावरच जुना गेम पाहायचा, काचेच्या जाड पडद्यावर आणि खऱ्या कार्डाच्या आवाजासह, असा आग्रह धरणाऱ्या संग्रहालयालाही बिनधास्त वाटता येईल असे डॉस लागते. एमएस-डॉसची प्रत कुणाच्या परवान्याने द्यायची, हा पेच तिथे येत नाही.

परवान्याचा विषय निघालाच आहे, तर एक गल्लत दूर करू. ऑपरेटिंग सिस्टिम मुक्त झाली म्हणून तिच्यावर चालणारे गेम मुक्त होत नाहीत. 'अबँडनवेअर', म्हणजे टाकून दिलेले सॉफ्टवेअर, हा शब्द प्रेमाने वापरला जातो, पण कायद्यात त्याला स्थान नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅम साहित्यकृती समजला जातो आणि संरक्षणाची मुदत दशकांत मोजावी लागते, वर्षांत नाही. कलम ५२ मात्र कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला जपणुकीसाठी प्रत काढण्याची आणि इतर प्रोग्रॅमशी जुळवून घेण्यासाठी लागणारी माहिती मिळवण्याची मुभा देते. ही सवलत फार कमी लोकांना माहीत आहे. आपल्याकडच्या जवळजवळ सगळ्या फ्लॉप्या मुळातच चोरट्या प्रतींच्या होत्या, ही गोष्ट वेगळी. त्यावर तात्त्विक भाषणे करणाऱ्यांनी आपला 'डेव्ह' कुठून आला होता ते आठवून पाहावे. आम्हीही आठवून पाहिले आणि विषय बदलला.

अमेरिकेत व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत, तिथे २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात कोणत्याही रूपात मिळत नाहीत, असे दिसले. हक्क कुणाकडे आहेत हे कित्येकदा मालकालाही ठाऊक नसते. काहींनी वेगळा रस्ता धरला. 'डूम'चा मूळ कोड १९९७ च्या डिसेंबरात खुला झाला. मेकनर यांच्या 'प्रिन्स'चा ॲपल टू यंत्रावरचा मूळ कोड हरवला असे सगळे धरून चालले होते; २०१२ मध्ये त्यांच्या वडिलांना न्यूयॉर्कच्या घरी फ्लॉप्यांचे खोके सापडले आणि जाणकारांच्या मदतीने त्यातला मजकूर सहीसलामत बाहेर आला.

खुद्द मायक्रोसॉफ्टनेही डॉसचा कोड टप्प्याटप्प्याने बाहेर दिला. १.२५ आणि २.० या आवृत्त्या २०१४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममार्फत अभ्यासापुरत्या, २०१८ मध्ये त्याच पुरत्या मोकळ्या परवान्याने, आणि २०२४ मध्ये ४.०. यात फ्रीडॉसच्या मंडळींनी जो संयम दाखवला तो नमूद करण्याजोगा आहे. २०१४ च्या अटी पुनर्वापराला परवानगी देत नव्हत्या, तेव्हा ज्याने तो कोड वाचला त्याने आमच्याकडे कोड लिहू नये, अशी त्यांची भूमिका होती. पाहून लिहिल्याचा नुसता संशयही नको. विंडोजची सुसंगत आवृत्ती घडवणाऱ्या रिॲक्टओएस प्रकल्पावर २००६ मध्ये असा आरोप झाला, तेव्हा त्यांनी काम रोखून आपल्याच कोडची झाडाझडती घेतली होती. दुसऱ्याचे घर न पाहता, केवळ त्याच्या खिडकीतून मिळणाऱ्या उत्तरांवरून हुबेहूब घर बांधायचे, ही या धंद्यातली मर्यादा आहे आणि तिच्यामुळेच कामाला एवढी वर्षे लागतात.

आवाजाचे काय झाले, ते सांगायचे राहिले. गेल्या काही वर्षांत 'एसबीईएमयू' नावाचा एक मुक्त प्रोग्रॅम आला आहे. तो ३८६ पासूनच्या प्रोसेसरांमधली एक सोय वापरून गेम आणि यंत्र यांच्यामध्ये बसतो. गेमने २२० वर थाप मारली की तो ती अधेमधेच झेलतो, साउंड ब्लास्टर काय बोलला असता ते ठरवतो आणि आजच्या चिपला कळेल अशा भाषेत सांगतो. म्हणजे खिडकीचे जे काम फ्रीडॉसने केले, तेच याने कार्डाचे केले. त्याच्यासाठी मेमरीच्या कारभाऱ्याची अदलाबदल करावी लागली, यादीतली ओळ दोनदा चुकली, एकदा यंत्र गोठले. मग 'डूम'चे संगीत सुरू झाले, लॅपटॉपच्या पत्र्यासारख्या स्पीकरातून.

मराठी वाचकाने यात रस का घ्यावा, याला आठवणींपलीकडचे कारण आहे. गेम हे डॉसच्या काळातले सर्वांत हट्टी प्रोग्रॅम. ते जिथे चालतात तिथे त्या काळचे हिशेब, याद्या, पत्रे चालायला हरकत नसते. आपल्या सहकारी संस्था, साखर कारखाने, ग्रंथालये आणि सरकारी कचेऱ्यांनी डीबेस, फॉक्सप्रोमध्ये किती नोंदी केल्या असतील! त्या प्रोग्रॅमांना फ्रीडॉस पुरते. पण ज्या नोंदी मराठीत होत्या त्यांची गोष्ट वेगळी. डॉसवर देवनागरी यायची ती जिस्ट कार्डामुळे. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले आणि पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेलेले हे तंत्र संगणकात खोचायच्या एका कार्डाच्या रूपात मिळे. डीबेसला पत्ता न लागू देता ते पडद्यावर मराठी उमटवायचे. अक्षरांचे आकडे पुढे १९९१ मध्ये इस्की या मानकात पक्के झाले, त्यामुळे नोंदी वाचून युनिकोडमध्ये आणणे शक्य आहे. पण ते कार्यालय प्रत्यक्षात जसे काम करायचे तसे पडद्यावर पाहायचे, तर फ्रीडॉस आहे, डीबेस आहे, कार्ड नाही. साउंड ब्लास्टरसाठी जगभरच्या हौशी लोकांनी एसबीईएमयू लिहिले. जिस्ट कार्डाचा सोंगाड्या लिहायला जगातून कुणी येणार नाही. ते काम पुण्याचे आहे, आणि ज्यांनी ते कार्ड घडवले त्यांतले अनेक जण अजून सांगायला आहेत तोवर ते सोपे आहे.

तोपर्यंत ज्या कचेरीत, छापखान्यात, शाळेच्या अडगळीत असे यंत्र अजून उभे असेल, तिथल्या लोकांनी ते भंगारवाल्याला देण्याआधी झाकण उघडून आत कोणती कार्डे आहेत ते पाहावे आणि त्यांचे फोटो काढावेत. फ्लॉप्या वाचता येतात तोवर त्यांच्या पूर्ण प्रती हार्ड डिस्कवर घ्याव्यात. बुरशी लागलेली फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालू नये, ती पुढच्या फ्लॉपीलाही घेऊन बुडते. आणि कॉन्फिग डॉट सिस व ऑटोएक्झेक डॉट बॅट या दोन फाइली कागदावर छापून यंत्राला चिकटवाव्यात. कोणते कार्ड कोणत्या पत्त्यावर होते, कोण आधी बसायचे आणि कोण नंतर, हे त्यांच्याखेरीज कुठेही लिहिलेले नाही. दोन्ही मिळून एक पानही भरत नाही.